चाळीस मायक्रॉनचं मुद्दल

सकाळी 7.30

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाडीच्या पॉलिशचं काम करायचं म्हणजे पहिली झुंज धुळीशी. एका अंगाला लेथ, पलीकडे वेल्डिंग, गल्लीच्या तोंडाशी ग्राइंडर. म्हणून शटर वर गेलं की गाडीकडे बघायचंसुद्धा नाही, आधी फरशीवर पाणी मारायचं. ओली फरशी धूळ धरून ठेवते. नवा पोरगा अजून सवयीनं झाडूकडे वळतो. "आरं, झाडाय काय लागलायस? पाणी मार!" कोरडं झाडलं की धूळ तासभर हवेत राहते आणि नेमकी पॅडखाली येऊन बसते. मग आपण गाडी घासत नसतो, ती धूळ गाडी घासत असते.

आजची गाडी काल संध्याकाळीच आत घेतली आहे. काळी होंडा सिटी, 2011 ची. मालक गडहिंग्लजकडचे निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे दुकानात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. मागणी नेहमीचीच: "नव्यासारखी करून द्या." पांढऱ्या गाडीवर निम्मे दोष झाकून जातात. काळीवर एकही झाकला जात नाही, आणि आपण केलेलेही झाकले जात नाहीत.

सकाळी 8.00

धुणं. दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं. हातमोजा गाडीवरून फिरला की आधी नुसत्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. एका बादलीत धुणं म्हणजे काढलेली माती परत गाडीला चोळणं.

फेब्रुवारी आहे, साखर कारखान्यांचं गाळप अजून चालू आहे. बगॅस जाळून बॉयलर चालतो, त्याची काळी हलकी काजळी आसपासच्या गावांत उडून येते आणि गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, उभ्या गाड्यांवर बसते. हाताला मऊ लागते, पण त्या राखेत सिलिका असते आणि सिलिका रंगाला सोडत नाही. या भागातल्या गाड्यांच्या टपावर तिचा थर ठरलेला. दुसरा त्रास फाउंड्रीचा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गाडी रोज उभी राहत असेल, तर लोखंडाचे बारीक कण उडून रंगात रुततात आणि तिथंच गंजतात. धुऊन निघत नाहीत. त्यावर एक फवारा मिळतो. मारला की जिथं लोखंड आहे तिथं गाडीच्या अंगावरून जांभळे ओघळ येतात, आणि वास असा की नवा पोरगा पहिल्या दिवशी बाहेर जाऊन उभा राहिला होता. गुरुजींच्या गाडीला लोखंड फारसं नाही, मागच्या झाकणावर तेवढे चार ओघळ आले.

मग रुतलेली घाण ओढून काढायला क्ले. मळलेल्या कणकेच्या गोळीएवढा तुकडा, भरपूर ओलावा, आणि हलका हात. हे झालं की पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवायचा. उघड्या बोटांना न लागणारी खरखर पिशवीतून स्पष्ट लागते. खरखर संपली की धुणं संपलं.

सकाळी 9.15

आता टॉर्च आणि गेज. माझ्या मते दिवसाचं निम्मं काम इथंच होतं, कारण कुठं हात लावायचा नाही ते इथं ठरतं.

टॉर्च दारावर तिरकी धरली की उजेडाभोवती गोल गोल ओरखड्यांचं जाळं दिसतं. गिऱ्हाइकाला वाटतं कुणीतरी गोल हात फिरवून गाडी पुसली. तसं नसतं. ओरखडे सगळ्या दिशांनी असतात, पण उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं उमटतात. टॉर्च हलवा, वर्तुळं सोबत हलतात. नव्या पोराला मी हे पहिल्याच आठवड्यात दाखवतो. नाहीतर तो "गोल ओरखडे" काढायला मशीन उलटं गोल फिरवत बसतो.

गेज मुठीत मावतं. खाली लोखंडी पत्रा असेल तर पत्रा किती लांब आहे ते चुंबकाच्या जोरावर मोजतं आणि रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण 70. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही, तिथं अनुभवावर भागवायचं.

टप 98. पुढचं डावं दार 108. मागचं उजवं 104. हे कंपनीचे आकडे आहेत. बॉनेटवर 270. म्हणजे बॉनेट कधीतरी पुन्हा रंगवलेलं आहे. आकडा सगळीकडे सारखा आहे, त्यामुळे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली नसावी. लांबी असती तर मध्येच 600-700 चा डोंगर लागला असता. टॉर्च मारली तर खुलासा झाला: संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पोत, आणि त्यात रंग ओला असताना बसलेले धुळीचे कण. कुणी केलं ते विचारायचं नाही, गुरुजींनाही आठवत नसेल.

कंपनीच्या त्या शंभर-एक मायक्रॉनमध्ये काय काय असतं? पत्र्यावर गंज थोपवणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर पंधरा-वीस मायक्रॉनचा काळा रंग, आणि सगळ्यात वर साधारण चाळीस मायक्रॉनचा क्लिअर कोट, ज्यात रंग नसतोच. गाडी चकाकते ती या बिनरंगी थरामुळे. ऊन, पाणी, चिमणीची विष्ठा, फडकं, सगळा मार तोच खातो. आमचं सगळं काम त्या चाळीसात. गंमत अशी की गेज एकूण जाडी सांगतं, त्यात क्लिअर किती उरलंय ते सांगत नाही. ते अंदाजानं धरायचं, आणि अंदाज नेहमी कमीच धरायचा.

पुढच्या उजव्या दारावर एक उभा ओरखडा, किल्लीचा असावा. त्यावरून नख फिरवलं तर नख अडकतं, आत पांढरट प्रायमर दिसतो. तो जाणार नाही. वहीत लिहून ठेवला.

सकाळी 10.30

चहा. शेजारच्या गल्लीतले एक जुने पेंटर काका रोज या वेळेला येतात. त्यांनी अ‍ॅम्बॅसडर आणि फियाट एनसी पेंटनं, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरनं, रंगवलेल्या आहेत. तो रंग वाळल्यावर मंदच दिसायचा. चकाकी गनमधून येत नव्हती, ती पेपर आणि कंपाउंड हातानं घासून आणावी लागायची. ड्यू पाँट कंपनीनं 1923 मध्ये 'ड्युको' नावानं हा जलद वाळणारा लॅकर आणला, त्याआधी व्हार्निश लावलेल्या गाड्या वाळायलाच आठवडे जायचे. काकांच्या काळात गाडीच्या रंगाच्या दरातच रबिंग धरलेलं असायचं. आता रंग गनमधून चकाकतच बाहेर येतो, म्हणून लोकांना वाटतं घासणं हे दुरुस्तीचं काम.

काकांचा एक ठरलेला विषय आहे: दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी दसरा चौकात येते तेव्हा तिच्या रंगाकडे बघत उभं राहायचं. "तसली गाडी हाताखाली आली, तर तू काय करशील?" दर दोन महिन्यांनी विचारतात. मी म्हणतो, धुईन आणि परत करीन. ते खूश होतात.

सकाळी 11.00

बॉनेट. पेपर मारायचा तो फक्त इथं. बाकीच्या गाडीवर कंपनीचा पातळ क्लिअर आहे, तिथं पेपर लावणं म्हणजे मुद्दलच उडवणं. बॉनेटवर 270 आहेत, पेंटरनं दोन-तीन हात क्लिअर मारलेला दिसतो, तिथं थोडं सैल वागता येतं.

वॉटर पेपर काल रात्रीपासून बादलीत भिजत घातलेत: 1500, 2000, आणि शेवटी 3000 ची फोमची चकती. 2000 नंबरच्या पेपरचा दाणा साधारण 10 मायक्रॉनचा असतो. म्हणजे दाणासुद्धा क्लिअर कोटाच्या चौथाईएवढा जाड आहे, हे डोक्यात ठेवून हात चालवायचा. पाण्यात शाम्पूचे चार थेंब, म्हणजे पेपर अडखळत नाही.

आधी कडांना आणि बॉनेटच्या मधल्या धारेला मास्किंग टेप. रंग ओला असताना धारेवरून ओघळून बाजूला जातो, त्यामुळे धारेवर तो नेहमी पातळ असतो. रंग उडतो तो तिथंच.

1500 फक्त धुळीच्या कणांवर, छोट्या कडक ठोकळ्याला गुंडाळून. कण मोडला की थांबायचं. मग 2000, मोठ्या रबरी ठोकळ्यावर, सरळ हात, पुढून मागं. बोटांनी पेपर दाबायचा नाही. बोटांच्या जागी चर पडतात आणि ते उन्हात चार पट्ट्यांसारखे दिसतात. दर आठ-दहा हातांनी रबरी पट्टीनं पाणी ओढून बघायचं. जिथं पेपर लागला तिथं पत्रा राखाडी होतो, आणि खडबडीत पोताचे खोलगट भाग अजून चमकत असतात, राखाडीत पसरलेले काळे ठिपके. घासत जावं तसे ठिपके लहान होतात, मग विरळ होतात. सगळे जाईपर्यंत घासायचं नसतं. दहातले आठ-नऊ गेले की पुरे. उरलेल्यांसाठी आणखी चार मायक्रॉन मोजावे लागतात आणि ते कुणाला दिसणारही नाहीत.

लक्ष पाण्यावर ठेवायचं. ठोकळ्याखालून येणारं पाणी दुधाळ आहे तोवर क्लिअर निघतंय. काळसर झालं की क्लिअर संपून रंगाला हात लागला, मग पॉलिश नाही, पेंटर. जुन्या, क्लिअर नसलेल्या गाड्यांना हा नियम लागत नाही, तिथं पहिल्या हातापासून रंगच येतो, म्हणून आधी कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर कंपाउंड घासून बघावं लागतं. पोरगा माझ्याशेजारी बादली धरून उभा आहे. "वस्ताद, दूध हाय का?" दर मिनिटाला विचारतो. हाय बाबा.

पेपर खाली पडला तर उचलायचा नाही, टाकून द्यायचा. फरशीवरचा वाळूचा एक दाणा पेपरला चिकटला की 2000 चा पेपर 80 चा होतो.

शेवटी 3000 ची चकती, छोट्या मशीनवर, ओल्यात, 2000 च्या रेषांना आडवी. दिशा बदलली की मागच्या नंबरच्या रेषा उरल्यात का ते लगेच कळतं. बॉनेट आता पूर्ण मंद, राखाडी, पाटीसारखं. या अवस्थेत गिऱ्हाइकाला दुकानात येऊ द्यायचं नाही, हा माझा नियम आहे. एक गृहस्थ असं बॉनेट बघून रिक्षा करून घरच्यांना घेऊन आले होते.

दुपारी 1.30

डबा. भाकरी, झुणका, खर्डा. खर्डा खाताना रोज कळतं की बोटांची कातडी पेपरनं किती झिजलीय. माझ्या अंगठ्याच्या रेषा एवढ्या पुसट झाल्यात की रेशनच्या दुकानात अंगठा उठत नाही. मशीन तीनदा नाही म्हणतं. पोराला मी हातमोजे देतो. तो अर्ध्या तासानं काढतो, कारण मोज्यातून पत्रा "लागत" नाही. त्याचंही खरं आहे.

दुपारी 2.00

आता मशीन. खिशातली किल्ली, घड्याळ, अंगठी काढायची, पट्ट्याचं बक्कल ॲप्रनखाली झाकायचं, आणि मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागं टाकायची, म्हणजे ती पत्र्यावर लोळत नाही.

बॉनेटवर रोटरी, लोकरीचं पॅड, हरभऱ्याएवढे पाच थेंब कंपाउंड. पहिल्यांदा मशीन बंद ठेवून पॅडनं ते पसरायचं, मग हळू गतीवर सुरू करून मिनिटाला बाराशे-चौदाशे फेऱ्यांपर्यंत न्यायचं. दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन, आडवे हात मग उभे, प्रत्येक हात मागच्याच्या निम्म्यावरून. कंपाउंडमधला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा दाणा घासता घासता फुटत बारीक होत जातो, म्हणून एक चौकोन पूर्ण होईपर्यंत काढता पाय घ्यायचा नाही. अर्ध्यात सोडलं तर जाड दाण्याच्या रेषा तशाच राहतात.

राखाडी जाऊन काळं वर यायला एका चौकोनाला दोन-अडीच मिनिटं लागतात. अजूनही मजा येते, खोटं का बोलू.

मधून मधून हाताची मागची बाजू पत्र्यावर टेकवायची. गरम चालेल, चटका नको. बंपरवर तर दुप्पट जपायचं. खाली पत्रा नसल्यामुळे उष्णता कुठं जातच नाही, एका जागी तीन सेकंद मशीन थांबलं तरी रंग भाजतो. प्रत्येक चौकोनानंतर पॅडला हवेचा झोत. पॅडमध्ये निघालेलं क्लिअर साठतं, ते परत गाडीवर फिरवण्यात अर्थ नाही.

बाकीच्या गाडीला डीए मशीन आणि फोमचं पॅड. हे मशीन फिरतं आणि सोबत डोलतंही, त्यामुळे उष्णता कमी, आणि रोटरी मागं ठेवते तशा ढगाळ पट्ट्या उरत नाहीत. हे काम मोठ्या कारागिराचं, दारं त्याची. कंटाळवाणं काम आहे, सांगण्यासारखं काही नाही.

दुपारी 3.15

गुरुजी आले. बॉनेट काळं झालेलं आहे, म्हणून येऊ दिलं. मागच्या दारावर आम्ही मुद्दाम निम्म्या भागात टेप लावून निम्मंच पॉलिश केलंय, फरक दिसावा म्हणून. गुरुजी टॉर्चच्या उजेडात वाकून बराच वेळ बघत राहिले.

"मिस्त्री, पण हे ओरखडे आले कुठनं? मी रोज सकाळी पुसतो हो. एक दिवस चुकत नाही."

"कोरड्या फडक्यानं?"

"मऊ असतं. जुनं धोतर."

"गुरुजी, त्यानंच आले."

ते गप्प झाले. मला वाईट वाटलं, पण सांगायला हवंच होतं. रात्रभर बसलेली काजळी आणि धूळ सकाळी कोरड्या धोतरानं चोळायची म्हणजे रोज हलका पेपर मारणं. गाडीवर प्रेम करणाऱ्यांच्या गाड्या बेफिकीर लोकांच्या गाड्यांपेक्षा जास्त ओरखडलेल्या असतात, हे मी या धंद्यात पाहिलंय. बेफिकीर माणसाची गाडी पावसानं धुतली जाते.

"मग हे आता भरून काढता ना तुम्ही?"

"भरत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं खाली आणायचं."

"म्हणजे लावत नाही काही, काढताय."

"काढतोय. हे व्याजावर चालत नाही गुरुजी, दर वेळी मुद्दलातनं जातं."

गणित शिकवलेला माणूस, लगेच विचारलं, "आज किती गेलं आणि राहिलं किती?" गेज त्यांच्याच हातात दिलं. पुढचं डावं दार सकाळी 108 होतं, आता 105. त्यांनी तीन जागी लावून पाहिलं. 105, 106, 105. "म्हणजे दरवर्षी करून घेतलं तर?" मी काही बोललो नाही, त्यांनीच मनात भागाकार केला.

किल्लीचा ओरखडा दाखवला. तो राहणार म्हणून सांगितलं. कडा थोड्या गोल होतील, लांबून कमी दिसेल, एवढंच. "घासून टाका की," ते म्हणाले. नाही. त्याच्या तळाशी प्रायमर आहे. तिथवर जायचं तर सगळं दार प्रायमरपर्यंत न्यावं लागेल.

दुपारी 4.30

या वेळेचं तिरकं ऊन आमच्यासाठी फुकटचं तपासणी यंत्र. पण त्याआधी सगळ्या गाडीवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पाणी फिरवायचं. पॉलिशमध्ये तेल असतं, ते बारीक रेषांमध्ये बसून त्या झाकतं. बाजारात असंही पॉलिश करून मिळतं जे नुसतं तेल आणि ग्लेझ असतं: तासाभरात गाडी लखलखते, गिऱ्हाईक पैसे देतं, दोन धुण्यांत जाळं परत. अल्कोहोल फिरवलं की जे उरतं ते खरं. म्हणून आमच्याकडे ते गिऱ्हाइकासमोर फिरवतो.

गाडी उन्हात ढकलली. बॉनेट चोख. टपावर डाव्या बाजूला रोटरीसारखी हलकी ढगाळी, म्हणजे मोठ्या कारागिरानं तिथं डीए टेकवण्याऐवजी दाबलं असणार. दाबलं की त्याचं फिरणं थांबतं आणि नुसतं थरथरतं. "बघ की जरा," म्हटलं. त्यानं बघितलं, काही न बोलता मऊ काळं पॅड चढवलं. परत सावलीत. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश चालत नाही, पसरण्याआधी वाळतं.

संध्याकाळी 6.00

बारीक पॉलिश झालं, फटींतली पांढरी पूड मऊ ब्रशनं काढली, टायर पुसले. वर सीलंट. गुरुजींनी सिरॅमिक कोटिंगची चौकशी केली होती. कुणीतरी त्यांना "9एच आहे, दगड मारला तरी ओरखडा येत नाही" असं सांगितलेलं. 9एच म्हणजे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप, खनिजांचं नव्हे. कोटिंग चांगलं असतं, पाणी आणि घाण लवकर निसटते, पण कोरडं धोतर फिरवलं तर तेही ओरखडतं. मी म्हटलं, ते पैसे ठेवा, दोन बादल्या आणि चार मायक्रोफायबर घ्या.

जाडीचे आकडे कागदावर लिहून दिले: टप, चारी दारं, बॉनेट, सकाळचे आणि संध्याकाळचे. बॉनेट 270 वरून 261. पुढचा पॉलिशवाला कोण असेल तो असो, त्याला हे लागतील. गुरुजींनी कागद पीयूसीच्या पाकिटात ठेवला, आणि मग बिलावर पाचशे कमी करायला लावले. पाचशे म्हणजे कमीच, मी आठशेची तयारी ठेवली होती.

संध्याकाळी 7.00

आवराआवर चालू असताना एक तरुण पिवळे पडलेले हेडलाइट घेऊन दारात. गाडीसकट अर्थात. "दादा, दहा मिनिटांत होतं म्हणं. टूथपेस्टनं केलं होतं, परत पिवळं झालं." होणारच. हेडलाइटची काच ही काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, आणि त्यावर ऊन रोखणारा थर कंपनीनं दिलेला असतो. तो थर पिवळा पडतो, आपण घासून काढतो, खालचं स्वच्छ दिसतं आणि तेच आता उघडं ऊन खातं. घासल्यावर यूव्हीचा क्लिअर मारला तरच टिकतं, आणि तो वाळायला रात्र लागते. सकाळी आणून सोड म्हटलं. "उद्या ड्युटी हाय," म्हणाला. मग रविवारी.

पोरगा पॅड धुतोय, कोमट पाण्यात, लोकरीचे वेगळे, फोमचे वेगळे. मायक्रोफायबर रात्री माझ्या घरी मशीनला लागतील, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता. ते घातलं की कापड पाणी पीत नाही. 2000 चे दोनच पेपर उरलेत. उद्या पांढरी स्विफ्ट आहे, फाउंड्रीतल्या सुपरवायझरची, टपावर लाल ठिपकेच ठिपके. पेपर नको तिला, जांभळा फवारा भरपूर लागेल. पोराला सांगितलं, उद्या मास्क आण.